लोकांत तोंड दाखवायचं कसं? आफ्रिकी समाजांतली लाज, तुलना आणि सोबत देण्याची रीत

पुण्यात शिकणारा झिंबाब्वेचा विद्यार्थी, नैरोबीत तुमच्याच कंपनीत काम करणारा अकाउंटंट, लंडनमध्ये शेजारच्या घरात राहणारी घानाची नर्स. यांच्यापैकी कुणी अचानक फोन उचलेनासं झालं, रविवारी चर्चला जाईनासं झालं, घरचे मेसेज न उघडता तसेच ठेवू लागलं, तर लगेच आजारपण किंवा प्रेमभंग गृहीत धरू नये. पुष्कळदा पैसे पाठवायचे राहिलेले असतात. दोन पेपर राहिलेले असतात आणि घरी त्याचा पत्ता नसतो. लग्नाला सहा वर्षं होऊनही मूल झालेलं नसतं. किंवा परदेशातून परतावं लागलेलं असतं, तेही रिकाम्या हातांनी.

अशा माणसाच्या शेजारी कसं बसावं, त्याची लाज आणि त्याची तुलना कशी हलकी करावी, याच्या पायऱ्या इथे क्रमाने दिल्या आहेत. ज्याच्यावर स्वतःवरच ही वेळ आली आहे त्यालाही त्या उपयोगी पडतील, फक्त त्याने एक ऐकणारा माणूस आधी शोधावा. आफ्रिका हा ५४ देशांचा खंड आहे. नायजेरियातल्या लागोसच्या योरुबा घरातली रीत झिंबाब्वेतल्या हरारेच्या शोना घरात चालत नाही. म्हणून जी रीत जिथली म्हणून सांगितली आहे ती तिथलीच समजावी.

सुरुवातीलाच एक सल्ला बाजूला ठेवू या: ‘लोक काय म्हणतात त्याकडे लक्ष देऊ नकोस.’ तो चांगल्या मनाने दिला जातो, पण या माणसाच्या उपयोगाचा नसतो. ज्या काकांनी गुरं विकून त्याची फी भरली, ज्या शेजारणीने आईला दवाखान्यात नेलं, जे उद्या त्याच्या बापाच्या मयतीला उभे राहतील, तेच हे ‘लोक’ आहेत. त्यांच्याकडे पाठ फिरवून त्याला जगायचंच नाही. आपण त्यांच्यात बसायच्या लायकीचे राहिलो नाही, हीच तर त्याची लाज आहे. ती माणसांमधून आली आहे आणि जाईल तीही माणसांमधूनच. पुढची प्रत्येक पायरी याच समजुतीवर उभी आहे.

ही रीत कुठून आली

२००५ मध्ये झिंबाब्वे सरकारने ‘मुरंबत्स्विना’ नावाची मोहीम काढून शहरांतल्या झोपड्या आणि टपऱ्या पाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे ७ लाख लोकांचं घर, रोजगार किंवा दोन्ही गेलं. देशात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा त्यांपैकीच एक असलेल्या डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेच्या म्बारे वस्तीत १४ आज्यांना सोबत घेतलं. या आज्या वस्तीतल्याच, सगळ्यांच्या ओळखीच्या, आरोग्याचं स्वयंसेवी काम करणाऱ्या. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक ठेवला आणि आज्या तिथे बसून ऐकू लागल्या. बाकाला आधी मानसिक आरोग्याचं नाव होतं, तेव्हा तिथे कुणी फिरकेना. आज्यांनीच ते बदलायला लावलं आणि तो ‘मैत्रीचा बाक’ झाला. पुढे हरारेतल्या २४ दवाखान्यांत ५७३ जणांवर त्याची रीतसर चाचणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं उरली होती, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी जवळजवळ ५० टक्क्यांमध्ये.

या कामाला आपल्याकडचा एक धागा आहे. मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल १९९० च्या दशकात हरारेत संशोधन करत होते. लोक आपलं दुःख ज्या शब्दांत सांगतात त्या शब्दांवरून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १४ प्रश्नांची शोना प्रश्नावली तयार केली. आज्या आजही तीच वापरतात. नंतर पटेल गोव्यात आले, १९९६ मध्ये ‘संगाथ’ ही संस्था उभी राहिली आणि डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशनाचं काम शिकवण्याचा प्रयोग गोव्यातही झाला.

पहिली पायरी: मोजमाप कुठे होतं ते आधी जाणून घ्या

तुलना हवेत होत नाही. प्रत्येक समाजात तिच्या ठरलेल्या जागा असतात, आणि त्या माहीत नसतील तर समोरचा काय सांगतोय ते कळतच नाही.

घानात अकान लोकांच्या अंत्यविधीला टेबल मांडून देणगी घेतात, पावती देतात आणि कुणी किती दिले ते माईकवरून जाहीर करतात, गावाकडच्या लग्नात आहेर पुकारतात तसं. नायजेरियात योरुबांच्या लग्नाला किंवा मयतीला ‘असो एबी’ असतं: यजमानांनी निवडलेलं एकाच नमुन्याचं कापड सगळ्या नातलगांनी आणि मैत्रिणींनी विकत घेऊन शिवायचं. ज्या बाईने ते घेतलं नाही ती फोटोत लगेच वेगळी दिसते. केनियात लग्न, दवाखान्याचं बिल किंवा मयत असली की व्हॉट्सॲपवर ग्रुप उघडतो. खजिनदार यादी टाकतो: नाव, कबूल केलेली रक्कम, भरलेली रक्कम. प्रत्येक जण ती कॉपी करून आपलं नाव जोडतो आणि पुन्हा टाकतो. २००७ मध्ये एम-पेसा आल्यापासून पैसे फोनवरून क्षणात जातात, त्यामुळे ‘बँकेत जायला जमलं नाही’ ही सबबही उरलेली नाही. कबूल केलेल्या रकमेपुढची रिकामी जागा शंभर माणसं दिवसातून दहा वेळा पाहतात.

दक्षिण आफ्रिकेत पहिल्या पगारापासून घरी पैसे पाठवण्याच्या जबाबदारीला तरुण मंडळी ‘ब्लॅक टॅक्स’ म्हणतात. तो शब्द सगळ्यांना आवडत नाही. आईबापांना देणं म्हणजे कर नव्हे, असं अनेकांचं म्हणणं असतं. समोरचा माणूस यातल्या कोणत्या बाजूचा आहे ते आधी ऐकून घ्या. आपल्या तोंडून तो शब्द आधी जाऊ देऊ नका.

दुसरी पायरी: शेजारी बसा, समोर नको

बाकाची योजना साधी वाटते, पण तिच्यात शहाणपण आहे. बाकावर दोघं एकाच दिशेला पाहतात. लाजलेल्या माणसाला डोळ्यांत डोळे घालून बोलायला लावलं की तो मिटतो. बाग, वसतिगृहाच्या पायऱ्या, गाडीतली शेजारची सीट, काहीही चालेल. चार मित्र असताना विषय काढू नका आणि ‘तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचं आहे’ असा मेसेज तर मुळीच पाठवू नका. पहिल्या भेटीला तासभर मोकळा ठेवा. हरारेत साधारण सहा भेटींचा क्रम असतो; तुम्हीही एका बैठकीत सगळं सोडवायला जाऊ नका.

आजाराचं नाव घेऊ नका. शोना माणूस ‘मला नैराश्य आहे’ म्हणत नाही, ‘कुफुंगिसिसा’ म्हणतो: विचार थांबत नाहीत, डोक्यात तेच ते चालू असतं. दक्षिण युगांडातल्या खेड्यांत स्वतःचाच तिटकारा येण्याला ‘योक्वेक्यावा’ म्हणतात, आणि २००३ मध्ये तिथे झालेल्या गटोपचाराच्या चाचणीत हेच शब्द पायाला धरले होते. समोरच्याचा जो शब्द असेल तोच तुम्ही वापरा.

तिसरी पायरी: सगळं बाहेर येऊ द्या, आणि एक प्रश्न थेट विचारा

हरारेच्या आज्या या पायरीला ‘कुव्हुरा फुंग्वा’ म्हणतात, म्हणजे मन उघडणं. इथे सल्ला वर्ज्य. ‘अरे, पण तू तर किती हुशार आहेस’ हेही वर्ज्य, कारण घरच्यांनी हेच म्हणून तर त्याला पाठवलं होतं.

साधे प्रश्न विचारा. झोप लागते का? पोटात दुखतं का? कामं साचत चालली आहेत का? रडू येण्याइतकं जड कधी वाटलं? घरी शेवटचं कधी बोललास, आणि त्यांना काय सांगितलंस? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. घरी सांगितलेली गोष्ट आणि खरी गोष्ट यांच्यात जितकं अंतर, तितकी लाज खोल. पेपर राहिलेत आणि घरी माहीत आहे, तो माणूस दुःखी असतो. पेपर राहिलेत आणि घरी ‘पहिला आलो’ सांगितलंय, तो माणूस धोक्यात असतो.

म्हणून त्याच भेटीत स्वच्छ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ या विचारण्याने विचार डोक्यात शिरत नाही. शोना प्रश्नावलीतही हा प्रश्न आहे. उत्तर ‘हो’ असेल तर पुढच्या पायऱ्या थांबवा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. भारतात टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

इथे एक भीती आड येते ती समजून घ्या. नायजेरियात आत्महत्येचा प्रयत्न कायद्याने गुन्हा राहिला आहे. घानाने २०२३ मध्ये ते कलम काढलं, केनियात उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं. तिथून आलेला माणूस पोलीस, व्हिसा आणि कॉलेज यांच्या धास्तीने गप्प बसू शकतो. भारतात २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा असं धरून चालतो की अशा माणसावर तीव्र ताण होता, आणि त्याला उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य मानतो. हे त्याला सांगा.

चौथी पायरी: देणं आणि लाज कागदावर वेगळी करा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. लाजेत सगळी देणी एकमेकांत मिसळतात. आईचं औषध आणि चुलत भावाच्या लग्नाचा सूट सारख्याच वजनाचे होतात. कागदावर तीन रकाने आखा आणि लिहायचं काम त्याच्याच हातून करून घ्या.

पहिल्या रकान्यात खरं देणं: ज्याच्यावाचून कुणाची शाळा, औषध किंवा जेवण थांबेल. दुसऱ्यात मानाचं देणं: मयतीची वर्गणी, असो एबीचं कापड, लग्नसमितीचा वाटा. तिसऱ्यात बरोबरीसाठी केलेला खर्च, जो कुणी मागितलेला नाही.

समजा, किसुमूजवळच्या गावातून आलेला एक अकाउंटंट नैरोबीत महिना ६०,००० शिलिंग कमावतो. भाडं आणि जेवण ३०,०००. धाकट्या भावाची शाळा आणि आईचं औषध मिळून २२,०००. वेगवेगळ्या ग्रुपांवरच्या वर्गण्या सरासरी १४,०००. आणि गावात अर्धवट राहिलेल्या घरावर १२,०००, कारण त्याच्याच वयाच्या एका मित्राचं घर पत्र्यासकट पूर्ण झालंय. बेरीज ७८,०००. महिन्याला १८,००० कर्जातून येतात. हा आकडा त्याने यापूर्वी कधीच एकत्र पाहिलेला नसतो, कारण प्रत्येक मागणी वेगळ्या दिवशी, वेगळ्या ग्रुपवर येते.

आता कुठे हात लावायचा? पहिल्या रकान्याला नाही. त्यात कपात केली तर लाज खरी ठरते आणि दुप्पट होते. तिसरा रकाना वर्षभर शून्य. दुसरा मात्र कधीही शून्य करू नका. तो ५,००० वर आणा. ज्याची वर्गणी अजिबात येत नाही तो समाजातून गळतो. ज्याची थोडी पण न चुकता येते त्याच्याबद्दल लोक आठवड्याभराने बोलायचे थांबतात. आता खर्च ५७,००० आणि कर्ज फेडायला ३,००० हातात. थोडे आहेत, पण दिशा उलटली.

कर्ज मोबाइल ॲपचं असेल तर एक माहिती जरूर द्या. पैसे थकले की कर्जदाराच्या फोनमधल्या ओळखीच्या सगळ्यांना फोन करून त्याची अब्रू काढायची, हा प्रकार केनियात आणि नायजेरियात सर्रास चालला होता. केनियात २०२२ च्या नियमांनी त्यावर बंदी घातली आहे. तिथे परवानाधारक कंपनीला असं करता येत नाही आणि मध्यवर्ती बँकेकडे तक्रार करता येते. अब्रू जाण्याच्या भीतीनेच माणूस एका ॲपचं फेडायला दुसरं उघडतो. ती भीती उतरली की हा क्रम तुटतो.

पाचवी पायरी: तुलना अर्धवट आहे, ती पुरी करा

‘तुलना करू नको’ सांगून कुणी थांबत नाही. त्याऐवजी ती पूर्ण करायला लावा. ज्याच्याशी तुलना चाललीय त्याचं काय काय ठाऊक आहे? घर दिसलं, कर्ज दिसलं का? बर्मिंगहॅमचा फोटो दिसला, रात्रपाळ्या किती? ज्याच्या फोनवर असे फोटो रोज येतात त्याने महिनाभर दोन-तीन खाती नजरेआड करावीत. एवढं पुरे.

परतून आलेल्यांच्या बाबतीत मात्र इथे थांबावं लागतं. गांबियात सहारा आणि लिबियामार्गे युरोपला जाण्याच्या वाटेला ‘बॅकवे’ म्हणतात. घरच्यांनी जमीन, गुरं, आईचे दागिने विकून मुलाला पाठवलेलं असतं. लिबियाच्या कोठडीतून सुटून तो घरी येतो तेव्हा गावात युरोपहून पैसे येणारी घरं उभी असतात, आणि हा त्यांच्या सावलीतून चालतो. २०१७ मध्ये अशाच परतलेल्या तरुणांनी ‘युथ्स अगेन्स्ट इर्रेग्युलर मायग्रेशन’ ही संघटना काढली आणि गावोगाव, शाळांमधून आपल्यावर काय गुजरलं ते सांगायला सुरुवात केली. परतून आलेल्या माणसाला त्याच वाटेवरून आलेला दुसरा कुणी भेटवा. तुमच्या दहा समजुतींपेक्षा ती एक भेट जास्त करेल.

सहावी पायरी: एकच अडचण, एकच आठवडा

मन मोकळं झाल्यावर आज्या विचारतात, ‘यातली एक निवड.’ कोणती हे तोच ठरवतो. मग तिच्यावर करता येतील असे मार्ग त्यानेच सुचवायचे, तुम्ही लिहून घ्यायचे, आणि त्यातला एक पुढच्या भेटीपर्यंत करून पाहायचा. ‘आयुष्य सावरणं’ ही अडचण नव्हे. ‘मंगळवारी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन पुनर्परीक्षेची तारीख विचारणं’ ही अडचण. नाही जमलं तर रागावू नका; कशाने अडलं ते विचारा आणि पाऊल आणखी लहान करा.

सातवी पायरी: घरी सांगायचं, पण कुणाच्या तोंडून?

बाहेरचे मदतनीस इथे हमखास घसरतात. ‘आईला फोन कर आणि खरं सांगून टाक’ असं म्हणतात. पण अनेक आफ्रिकी घरांत अवघड गोष्ट थेट सांगणं हाच अपमान असतो. शोना लग्नात देज, म्हणजे मुलीच्या घरी द्यायचं धन, ठरवताना मुलाचा बाप मुलीच्या बापाशी बोलत नाही, ‘मुन्याई’ नावाचा मध्यस्थ बोलतो. घरातल्या नाजूक गोष्टी आत्याकडे, म्हणजे ‘तेते’कडे, किंवा मामाकडे, म्हणजे ‘सेकुरू’कडे नेल्या जातात. अकान घरात कुटुंबप्रमुखाला, ‘अबुसुआपानिन’ला, हा मान असतो. या माणसांना ऐकायची सवय असते आणि त्यांच्या शब्दाला वजन असतं. म्हणून विचारा: ‘तुमच्या घरात वाईट बातमी कोण पोचवतं?’ नाव लगेच मिळतं.

पुण्यातल्या त्या विद्यार्थ्याचा आत्याला केलेला फोन असा असू शकतो:

‘तेते, बऱ्या आहात ना? आईला एक गोष्ट सांगायची आहे, पण ती तुमच्याकडून कळली तर तिला कमी लागेल. माझे दोन पेपर राहिलेत. मी सगळं चांगलं चाललंय म्हणालो होतो, ते खरं नव्हतं. नोव्हेंबरात परत देणार आहे, तारीख विचारून ठेवलीय. फी वाढणार नाही, पण मी सहा महिने उशिरा येईन. सेकुरूंनी माझ्यासाठी गुरं विकली हे मी विसरलेलो नाही. त्यांना मी स्वतः फोन करेन, तुम्ही सांगाल त्या दिवशी.’

यात चार गोष्टी आहेत आणि चारही लागतात. काय झालं ते एका वाक्यात. आधीचं खोटं काढून टाकलं. पुढे काय करणार ते तारखेसकट. आणि ज्याने त्याग केला त्याचं नाव घेऊन मान राखला. रडगाणं नाही, सबबी नाहीत. फोन आधी तुमच्यासमोर दोनदा म्हणून पाहायला सांगा.

पैसे कमी पाठवायचे असतील तर तीन नियम पाळावेत. मागणी येण्याआधी सांगायचं, नंतर नाही. ‘जमेल तसं देईन’ न म्हणता रक्कम आणि तारीख सांगायची. आणि कमी पडलेल्या पैशाच्या जागी दुसरं काही द्यायचं: मयतीच्या आदल्या रात्री जागरणाला जाणं, खुर्च्या वाहणं, पाहुण्यांना स्टँडवरून आणणं. वर्गणीच्या यादीत हात दिसत नाहीत, पण मयतीच्या घरात दिसतात. ग्रुपवर मात्र स्पष्टीकरण देऊ नये; खजिनदाराला वेगळा फोन करावा.

आठवी पायरी: एकट्याला गटात न्या

एड्सच्या लाजेबाबत आफ्रिकेने जे करून दाखवलं ते फार मोठं आहे. युगांडात १९८७ मध्ये नोएरीन कलीबा यांनी, पतीच्या मृत्यूनंतर, ‘टासो’ ही संस्था उभी केली. लागण झालेल्या माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एकमेकांना सांभाळायचं, हा तिचा पाया. १९८९ मध्ये गायक फिली लुटाया यांनी आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि उरलेले दिवस शाळा-चर्चमधून बोलण्यात घालवले. जानेवारी २००५ मध्ये नेल्सन मंडेला यांनी आपला मुलगा एड्सने गेला हे स्वतः सर्वांसमोर सांगितलं. जे लपवायचं असतं ते एका मानाच्या माणसाने उघड केलं की मागच्या शेकडो जणांना श्वास घेता येतो.

हरारेत बाकावरच्या भेटींनंतर ‘कुबाटाना तोसे’ नावाच्या गटात बोलावतात. तिथे बायका जुन्या प्लास्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्या विणून नव्या पिशव्या करतात आणि करता करता बोलतात. हात कामात असले की तोंड उघडतं, आणि पिशवी विकून दोन पैसे मिळतात.

तुम्ही गट सुरू करणार असाल तर माझं एक आग्रहाचं सांगणं आहे: पहिला गट एकाच गावच्या किंवा एकाच देशाच्या माणसांचा करू नका. सगळ्यात दाट तुलना तिथेच असते, आणि इथलं बोलणं आठवड्यात घरी पोचतं. पुण्यात झिंबाब्वे, केनिया, टांझानिया, नायजेरियाची मुलं एकत्र बसली तर प्रत्येकाला कळतं की मयतीची यादी फक्त आपल्याच घरी नसते. चार ते सहा जण, ठरलेला वार, कुणीतरी स्वयंपाक करायचा. कुणी किती कमावतो आणि घरी किती पाठवतो हे पहिल्या महिन्यात विचारायचं नाही. भिशी सुरू करायचा मोह लगेच होईल, कारण केनियात ‘चामा’ आणि दक्षिण आफ्रिकेत ‘स्टोकव्हेल’ सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली असते. ती तीन महिन्यांनी करा, आणि हप्ता गटातल्या सर्वांत कमी पैसे असलेल्याला झेपेल तितकाच ठेवा. कुणी दोनदा आला नाही तर ग्रुपवर विचारू नका. त्याच्या खोलीवर जा, आणि जाताना त्याच्या वाटचं जेवण घेऊन जा.